पारण्याच्या दिवशीची शाल

सहा वर्षांपूर्वी वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्याआधी नेमगोंडा मगदूम रिक्षात बसले की शेजारी दुसरं माणूस मावत नसे. वजन उतरायला लागलं तशी सगळी गल्ली खूश झाली. पण वर्ष-दोन वर्षांत वजन उतरायचं थांबायला हवं होतं, ते थांबायचं नावच घेईना. डॉक्टर रक्त तपासत, गोळ्या बदलत. इकडं चार घास खाल्ले की गळ्याशी यायचं. गालफडं बसली. खूश झालेली गल्ली आता कुजबुजायला लागली.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं. दहा दिवस कडक उपास केलेल्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, सत्कार होता. पाठ टेकायला भिंत हवी म्हणून नेमगोंडा नेमके त्या उपासवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसले. कुणीतरी त्यांच्याही खांद्यावर शाल घातली.

"अवो, माझा उपास न्हाय," ते म्हणाले.

"बघा की! एवढं तप केलंय, पण गर्व म्हणून न्हाय," एक म्हातारी गहिवरून म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली. तिच्यामागं रांगच लागली. पाय मागं ओढून घ्यायचंही त्राण नव्हतं. ते तसेच बसून राहिले.

घरी बायकोनं, चंदनानं, वाटीभर मुगाचं कढण पुढं ठेवलं. "ही शाल कुणी घातली?"

नेमगोंडांनी चमचा उचलला आणि परत ठेवला.

"आज सगळ्यांचं पारणं झालं," ते म्हणाले. "त्यांचा उपास सुटला. माझा कधी सुटायचा गं?"