निर्माल्याच्या खड्ड्याला हवा

श्रावण लागला आणि आमच्या सोसायटीतल्या निर्माल्याच्या खड्ड्याला असा वास सुटला, की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. जागा सोसायटीची, पंपरूमच्या मागची; पण खड्डा गुरुजींचा.

गुरुजी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, यात्रेकरूंचे विधी करतात. आयुष्यभर त्यांनी हारफुलं नदीतच सोडली. पुढे पाण्याची अवस्था बघवेना, तेव्हा आपणहून थांबले आणि हा खड्डा खणून घेतला. घरचं, बिल्डिंगमधलं, यजमानांचं निर्माल्य ते इथे आणून ठेवत. ‘टाकत’ म्हटलेलं त्यांना चालत नसे.

सटाण्याजवळच्या खेड्यातून मी एम.एस्सी.ला नाशिकला आले, तेव्हा गुरुजींनी आणि काकूंनी मला त्यांच्या घरात ठेवून घेतलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत काकू माझ्या खोलीबाहेर चहा ठेवून आवाज न करता निघून जायच्या. आज मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि त्याच सोसायटीत राहते, त्यात त्या चहाचा वाटा मोठा आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “गुरुजी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण लोक मला जिन्यात गाठतात. पुढच्या रविवारी खड्डा रिकामा करू आणि सगळं घंटागाडीत देऊ.”

“घंटागाडीत?” गुरुजी एवढंच बोलले. डायपर, मासळीचे काटे, उष्टं अन्न आणि त्यात देवाच्या अंगावरून उतरलेली फुलं. त्यांचा चेहरा पाहून मला पुढचं काही ऐकू आलं नाही. नदीत सोडायचं नाही हे त्यांनीच ठरवलेलं, आणि आता ही वाटही बंद होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यापाशी गेले. वर प्लास्टिकचा कागद, चारही बाजूंनी विटा. कागद उचलला तर खाली झेंडू, बेल, दूर्वा यांचा काळा चिकट थर. उन्हाळ्यात याच खड्ड्यातली फुलं नुसती कडक वाळून पडली होती, कारण ओल नव्हती. आता ओल भरपूर, ऊबही होती, पण हवा कुठूनच नव्हती. फुलांची माती करणारे, हवेवर जगणारे सूक्ष्म जीव गुदमरून संपले होते आणि हवेशिवाय जगणाऱ्यांचं राज्य आलं होतं. वास त्यांचा होता.

“कागद मीच घातलाय,” मागून गुरुजी म्हणाले. “कुणी ओलांडू नये म्हणून.”

“आणि पाणी?”

“श्रावण लागल्यापासून रोज अभिषेकाचं तीर्थ शिंपडतो. ते तरी कुठे सोडायचं?”

“गुरुजी, हे मधूनमधून खालीवर करायला हवं. फावड्याने.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “देवाला वाहिलेल्याला फावडं मारायचं? अगं, काय बोलतेस!”

वर्गात हेच मी फळ्यावर चित्र काढून शिकवते. इथे समोर गुरुजी होते. मला आमची कांद्याची चाळ आठवली. तिला खालून-बाजूने फटी असतात, वारा खेळला की कांदा टिकतो. तिकडे हवा कांदा टिकवते, इकडे फुलांना मातीत नेते. गंमत वाटली, आणि तीच मी त्यांना सांगितली. मग मी म्हणाले, “गुरुजी, तुम्ही फुलं मातीला देताय. पण माती ज्यांच्या हातांनी ती घेते ते जीवच आपण कोंडून मारतोय.”

गुरुजी धोतराचा सोगा खोचून खाली बसले. “फावडं नको. हाताने चालेल?”

“चालेल.”

त्यांनी कोपरापर्यंत हात घातले. मी शेजारी बसून हारांचे दोरे आणि जरीच्या पट्ट्या वेगळ्या केल्या. पार्किंगच्या छपराखाली बदामाची वाळलेली पानं साठली होती, ती थराथरात घातली. कागदाऐवजी बांबूवर जुना पत्रा उंच बसवला. तीर्थ तुळशीला घालायचं ठरलं. रोज सकाळी गुरुजी खालीवर करत आणि पुन्हा अंघोळीला जात.

“लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढं अंग घासलं नव्हतं यांनी,” काकू खिडकीतून म्हणाल्या.

“तेव्हा एवढा वास नव्हता,” गुरुजी खालूनच म्हणाले.

पहिले दोन दिवस वास उलट वाढला. मग तो हळूहळू ओसरला. शनिवारी गुरुजींनी मला हाक मारली. “हात घालून बघ.” आत चांगलंच गरम लागत होतं. “ताप आल्यासारखं आहे गं. बिघडलं का काही?”

“नाही गुरुजी. कामाला लागलेत सगळे.”

रविवारी सेक्रेटरी नाकावर रुमाल धरून आले. थोडं थांबून त्यांनी रुमाल खाली घेतला. वास होता, पण पावसात भिजलेल्या बांधाचा असतो तसा. फाटकाशी घंटागाडी वाजत होती. त्यांनी तिला हातानेच पुढे जायला सांगितलं.

“दिवाळीपर्यंत बघू, गुरुजी. पण परत वास सुटला तर?”

“सुटला तर आधी मला येईल,” गुरुजी मान वर न करता म्हणाले. “मी इथेच बसलेलो असतो.” आणि ओंजळभर काळपट, भुसभुशीत फुलं उचलून त्यांनी अलगद उलटी केली.