मोहिलेकाकांची एक ओळ

शशिकांत मोहिले आमच्या कंपनीत आले तेव्हा आम्ही सगळे मनातल्या मनात हसलो. माणूस एकसष्टीला टेकलेला, आयुष्यभर मिक्सर-गिझरची माहितीपत्रकं लिहिलेली, आणि आता काशीमीऱ्याला टायरच्या गोदामावरच्या आमच्या ऑफिसात बसून ब्लॉकचेनची पानं लिहिणार! आम्ही म्हणजे कोण, तर उभ्याने मीटिंगा घेणारे आणि मराठी माणसाशीही इंग्रजीत शिंकणारे पाच-सहा दीडशहाणे.

आमचा माल असा: एका साखळीवरची नोंद दुसऱ्या साखळीवर पोचवायची. साखळी म्हणजे एकदा लिहिलं की न बदलणारी वही; फार तर नोंदीवर 'बाद' असा शिक्का मारता येतो. बाहेरच्या इंजिनिअरांनी आमची पानं वाचून त्यावर स्वतःची अ‍ॅप बांधायची. पानं लिहायचं काम काकांचं.

काकांची एक जुनी खोड होती. लिहिलेली प्रत्येक पायरी ते आधी शांती नगरच्या घरी मनोरमाकाकूंकडून करून घेत. काकूंनी कागदावर आहे तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही. गिझरच्या वेळीही तसंच. आम्ही याची यथेच्छ टिंगल केली. आमची चाचणी कशी, तर दोन्ही साखळ्या एकाच लॅपटॉपवर चालवायच्या. या हाताने त्या हातात चिठ्ठी द्यायची आणि टपाल किती वेगवान म्हणून टाळ्या पिटायच्या.

काकांनी मात्र घरी दोन लॅपटॉप मांडले, एकेकावर एकेक साखळी. मेथी निवडायला टेबल हवं म्हणून काकूंनी दुसरा मिटून बाजूला ठेवला आणि पहिल्यावर 'पाठवा' दाबलं. लगेच हिरवी खूण आली. काकू म्हणाल्या, "अहो, हा तर मिटलाय. मग पोचलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी सातव्या पायरीच्या वर काकांनी एक ओळ घातली: 'हिरवी खूण म्हणजे फक्त पाठवलं. पलीकडून पोच आल्याशिवाय पुढे जाऊ नका.' कारण सातवी पायरी होती, पहिल्या साखळीवरची नोंद बाद करा. आणि बाद झालेली नोंद पुन्हा जिवंत होत नाही.

आमचा साहेब योगेंद्र ओळ वाचून वैतागला. "काका, डॉक्समध्ये निगेटिव्ह नको. डेव्हलपर घाबरून पळतात यार."

"मग पळू देत," काका म्हणाले. "ओळ राहणार नसेल तर पानावरचं माझं नावही काढा."

दोन्ही काढलं. मंजुरीचं बटण माझ्याकडे होतं, मी ते दाबलं. काकांचं बरोबर आहे हे मला कळत होतं, पण साहेबाशी पंगा कोण घेणार? काकांनी त्याच दुपारी डबा पिशवीत भरला आणि कामाला रामराम ठोकला.

दीड महिन्याने एका बिल्डरच्या इंजिनिअरने आमची पानं वाचून त्यांबरहुकूम अ‍ॅप बांधलं. जेसल पार्कातल्या एका सोसायटीने इमारत पाडून नवी बांधायला त्यावर संमत्या दिल्या. त्या दिवशी पलीकडचं मशीन दुरुस्तीला बंद होतं. इकडे हिरव्या खुणा आल्या, नोंदी बाद झाल्या, आणि बासष्ट घरांच्या संमत्या ना इथे ना तिथे. पुन्हा गोळा करायला योगेंद्र स्वतः थोडाच जातोय? मला पाठवलं.

तिसऱ्या मजल्यावर रुक्मिणीबाई, वय चौऱ्याऐंशी. संमती कमिटीसमोर खाली सोसायटीच्या ऑफिसातच द्यायची, लिफ्ट बंद, गुडघे गेलेले. पहिल्या वेळी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. आता पुन्हा नेताना खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता.

"मागं दिलं, ता पोचला न्हाय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"आमचं मिठाचं आगर व्हतं. पडाव मिठानं भरून खाडीपार गेला का भिंतीवर कोलशाची खूण करायची. पलीकडनं चिठी आली, का मंग खूण पुसायची. तुमी आधीच पुसली?"

जिन्यात माझी मान खाली गेली. आमच्या सगळ्या डिग्र्या त्या कोळशाच्या खुणेवरून ओवाळून टाकाव्या अशा होत्या.

आमच्या ऑफिसात बोंबाबोंब झाली तेव्हा योगेंद्रने ओळ परत घातली, लेखक म्हणून स्वतःचं नाव टाकलं, आणि मला काकांना परत आणायला धाडलं. मी शांती नगरला गेलो, माफी मागितली आणि ते पान उघडून दाखवलं. काकांनी ते वाचलंच नाही. सवयीने लॅपटॉप काकूंकडे सरकवला.

काकूंनी बोट ठेवून वाचलं. सातवी पायरी: नोंद बाद करा. आठवी पायरी: पोच येईपर्यंत थांबा.

"अहो, आधी पुसायचं आणि मग वाट बघायची?"

काकांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला. म्हणाले, "चहा घेऊन जा."