एकाच डब्यातली काडतुसं

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच केसेस डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या. एक मात्र लख्ख आठवते आणि ती माझ्या हद्दीतली नव्हती, देशातलीही नव्हती.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी मी रजा घेऊन तिथे भाचीकडे गेले होते. ती राहायला टोकियोतल्या फुनाबोरीत, पण काम उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावात. भूकंपानंतर तिथली बरीच माणसं निघून गेली, शेतं ओस पडली, रानडुकरं वाढली. परवानाधारक शिकारी ती मारत आणि भाची मारलेल्या डुकरांचे नमुने तपासायची. तिची पीएचडी त्यावरच उभी होती.

खबर तिनेच फोनवरून दिली. ज्या वयस्कर शिकाऱ्याबरोबर ती जायची, त्यांच्या रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा, त्या सकाळी गोळी झाडल्यावर घट्ट अडकला होता. काडतुसं ते रीतसर परवान्याने घरीच, झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि गोळी घालून भरत. गाडीत काडतुसांचा डबा हीटरसमोर होता आणि हीटर भाचीने पूर्ण सोडला होता. काडतूस तापलेलं असलं की झाडताना आतला दाब वाढतो. त्या शिकारी आजोबांनी तिला सांगून टाकलं, यापुढे येऊ नकोस. दुसरा कुणी शिकारी तिला सोबत न्यायला तयार नव्हता.

"मावशी, चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मला थंडी सोसत नाही."

विचारायच्या आधीच कबुली देणारा माणूस बहुधा नुसता घाबरलेला असतो. मी दुसऱ्या दिवशी आगगाडीने तिथे पोचले.

चौकशीत अडचण अशी की आरोपीच दुभाषी. मी चार शब्दांत विचारायचं आणि तिचं जपानी होईतो आजोबांचा चहा संपायचा. त्यांच्या लांबलचक उत्तराचं मराठी व्हायचं, "नाही म्हणतात." शेवटी मी दटावलं, "माफी नको मागूस, भाषांतर कर."

"अगं, इथे प्रश्नसुद्धा माफी मागूनच विचारतात."

शस्त्रागारात आणि फायरिंग रेंजवर माझी काही वर्षं गेली होती. मी रिकाम्या पुंगळ्या पाहायला मागितल्या. आजोबांनी नाखुशीनेच वर्तमानपत्रावर ओतल्या. दाब बेताचा असेल तर पुंगळीच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या कडा गोलसर राहतात. तो फार वाढला की टोपी चेपून सपाट होते आणि बुडावर बोल्टने घासल्याचा चकचकीत डाग उमटतो. काही पुंगळ्यांवर या दोन्ही खुणा होत्या, बाकीच्यांवर एकही नाही. सगळ्या मात्र त्याच सकाळच्या, त्याच डब्यातल्या, त्याच हीटरची ऊब खाल्लेल्या.

मी दोन ढीग केले. सपाट टोपीवाल्या सगळ्यांवर एकाच कंपनीचा शिक्का निघाला, चांगल्यांवर दुसऱ्याच कंपनीचा. सपाटवाल्या कुठून आल्या, असं मी विचारलं. गाव सोडून गेलेल्या मित्राने जाताना दिल्या होत्या. दारू दोन्हींत सारखीच, काट्यावर तोलून भरलेली.

मी पाणी मागितलं. चांगल्या पुंगळीत काठोकाठ भरलं आणि ते मित्राच्या पुंगळीत ओतलं. थोडं बाहेर सांडलं. बाहेरून माप तेच, पण आतून भिंती जाड. दारू तेवढीच आणि जागा कमी, म्हणून दाब जास्त. आजोबा हीच काडतुसं झाडत राहिले असते, तर एखाद्या दिवशी बोल्ट तोंडावर आला असता.

आजोबांनी चष्मा कपाळावर सारून स्वतः पाणी ओतून पाहिलं. मग पुन्हा. मित्राच्या पुंगळ्यांची भरलेली काडतुसं त्यांनी उघडून मोकळी करायला बाजूला काढली, भाचीकडे वळून कमरेत वाकले आणि काहीतरी बोलून हसायला लागले. भाची लाल झाली.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, सोमवारी पहाटे ये. पण पोलीसबाईंना आणू नकोस."

पटण्यासारखं कारण हाती आलं की तपास तिथेच थांबवायचा मोह होतो. हीटरने दाब वाढतो हे खरंच होतं, म्हणून तर त्याच उबेत धड राहिलेल्या पुंगळ्यांकडे कुणी पाहिलं नाही. रजेवरून परतल्यावर ठाण्यात कबुलीजबाब आला, की मी फौजदारांना आधी एकच विचारायचे, "जे बिघडलं नाही, ते पाहिलंत का?" पहिले काही दिवस ते एकमेकांकडे बघायचे. नंतर आपणहून पाहून येऊ लागले.