उंडारायला की कमवायला

बेलबॉटमचे दिवस होते. सोलापुरात आमच्या पेठेच्या गणपतीपुढे आमचा मेळा सिनेमाच्या चालींवर स्वतःची गाणी म्हणायचा. गल्लीत जे नवं येईल ते गाण्यात यायचं: नायलॉनची साडी, पानपट्टीवरचा ट्रान्झिस्टर, कानांवर वाढवलेले केस. कडवी मी लिहायचो. कॉलेजात होतो, यमकं जुळवता यायची.

त्या वर्षीची नवलाई आमच्याच घरात होती. आक्का, माझी थोरली बहीण, सायकलवरून टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली होती. मी लिहिलं, ‘सायकलची घंटी वाजवत, पोरगी निघाली उंडारायला.’ ती उंडारत नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या शब्दावर हशा पिकेल, हेही ठाऊक होतं. पिकला.

दुसऱ्या दिवशी आक्कानं सायकल काढताच समोरच्या कट्ट्यावरून तेच कडवं आलं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सायकलला कुलूप घालून किल्ली कोटाच्या खिशात टाकली. जेवताना त्यांनी विचारलं, हे लिहिलं कुणी. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिलो. आक्काला माहीत होतं, तरी तिनं विषय बदलला.

नंतर मोरीवर भांडी घासताना तिनं मला बोलावलं. “लई हुशार हायस की. आता उंडारायला काढ, कमवायला घाल.”

चालीत बसेल का, मी विचारलं. तिनं ताटावर ठेका धरून म्हणून दाखवलं. बसत होतं. ‘पोरगी’च्या जागी मी ‘आक्का’ घातलं, तेवढंच माझं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नवं कडवं म्हटलं आणि बायकांची बाजू उठली. आमच्या पेठेत निम्म्या बायका विड्या वळायच्या. त्यांनी टाळ्यांवर ते तीनदा म्हणायला लावलं, चौथ्यांदा स्वतःच म्हटलं. शेजारची म्हातारी अण्णांना म्हणाली, “आमी रोज जातोच की कमवायला. तुमच्या पोरीकडं सायकल तरी हाय.” अण्णा हसू दाबत होते, पण पाय ठेका धरत होता.

सकाळी त्यांनी किल्ली आक्कापुढे ठेवली. घंटी जरा हळू वाजव, एवढंच म्हणाले.

‘कमवायला’ या शब्दाबद्दल पेठेनं माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली. महिन्याभरानं आक्कानं क्लासातून एक कागद आणला. पूर्ण कडवं, एकही चूक न करता टाइप केलेलं. खाली कवी म्हणून माझं नाव होतं.

ते मी आजवर खोडलेलं नाही.