काकूचा फोन काहून नाही वाजला

अजूनही आठवलं की डोकं फिरते माझं.

तेव्हा आमच्या सेक्टरात पाइपलाइनचं काम सुरू होतं, पाणी कधीही यायचं. आमचं क्वार्टर लाइनीत पहिलं, म्हणून पाणी आधी आमच्याच नळाले. मी म्हटलं, कॉलेजचा प्रोजेक्ट यावरच करू. पाणी आलं की मी मोबाइलवर बटन दाबीन, अख्ख्या लाइनीले कळेल.

इंटरफेस मीच लिहिला. त्यात एकच मेथड, म्हणजे एकच काम, कळव(). इंटरफेस म्हणजे नुसता करार, की कळवायचं, बस. कसं कळवायचं ते क्लासनं, म्हणजे करार पाळणाऱ्या कोडानं, पाहायचं, आणि कळवलं तर ट्रू म्हणायचं, नाही तर फॉल्स. मागं कोणता क्लास आहे हे बटनाले माहीतच नसते, ते फक्त कळव() म्हणते. मेसेजचा क्लास माझा. फोन वाजवायचा क्लास माझ्या प्रोजेक्ट पार्टनरचा, आणि तो एकाच माणसासाठी होता, शेवटच्या क्वार्टरातल्या काकूसाठी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरात एकटी, मेसेज वाचणार कशी?

पहिल्याच दिवशी बटन दाबलं. स्क्रीनवर सगळे हिरवे, म्हणजे सगळ्यायचं ट्रू, काकूचं पण. संध्याकाळी काकू दारात.

"काय वं, तुह्या भरोशावर बसली मी. एक बादली नाही भरली."

मी पार्टनरचा कोड उघडला. कळव() होतं. आत एकच ओळ, रिटर्न ट्रू. फोन नाही, काही नाही. नुसतं ट्रू.

त्याले फोन लावला. "हे काय करून ठेवलं तू?"

"अबे, एरर आया क्या? नहीं ना। कंपाइल तो हो गया।"

"काकूले पाणी नाही भेटलं."

"डेमो में कौन सी काकू आ रही है।"

मग मी जे बोलली ते इथं लिहिता नाही येत. कोड तपासणारा कंपायलर फक्त पाहते की मेथड आहे का. आत काय भरलं, त्याच्याशी त्याले काही घेणंदेणं नाही. पाटी लावली, दुकान रिकामं, तरी पास. आणि हे पार्टनरले पक्कं माहीत होतं.

त्याचा क्लास फेकला, नवा मी लिहिला. समोरून फोन उचलला तरच ट्रू. बाकी कोडातली एक ओळ नाही हलवली, बटनाले पत्ताच नाही की मागचा क्लास बदलला. एरवी मी यावर नाचली असती. त्या दिवशी दात खाऊन टाइप करून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, बटन दाबलं, पळत काकूकडे गेली. फोन वाजला. काकूनं उचलला, ऐकला, आणि कानाले तसाच धरून न्हाणीत गेली.

"पाह्यते आधी, खरंच आलं का," म्हणे, आणि नळ उघडला.

तिचा राग नाही आला मले.