सुतकातली निवडणूक

हे गेले त्या सकाळी आमचं शेवटचं बोलणं झालं ते चहावरून. साखर कमी पडली म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. कप खाली ठेवून भिंतीला टेकले... आणि स्वयंपाकघरातून मी आणखी दोन वाक्यं ऐकवली. ती ऐकायला हे उरले नव्हते. त्याला महिना झाला.

पनवेलात सगळे त्यांना भाऊ म्हणत. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं असताना हे म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर भातगिरणीचे मालक, आणि पारडं कुठे झुकेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मला मात्र खात्री! तिशीतली मी शहाणी, सत्काराला कुठलं लुगडं नेसायचं ते ठरवून बसले होते. हार घालून घेताना मान किती वाकवायची याची आरशासमोर तालीमही झाली होती. अडचण एकच, सासूबाई. अर्धांगाने पडलेल्या, आणि पेज घेत ती फक्त ह्यांच्या हातची. मी वाटी नेली की ओठ घट्ट मिटत. मग हे भर सभेतून उठून येत, आईला भरवून, तोंड पुसून परत जात. कार्यकर्ते कपाळाला हात लावत. मी भांडी आपटत असे.

मतदानाला नऊ दिवस राहिले आणि सासूबाई गेल्या. दहा दिवसांचं सुतक. कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला नमस्कार करायचा नाही. मतं मागणाऱ्या माणसाने दुसरं करायचं तरी काय? ह्यांचा असल्या गोष्टींवर जन्मात विश्वास नव्हता, म्हणून मी निर्धास्त. पण हे घोंगडीवर बसले ते बसलेच. "तुम्ही तर हे काही मानत नाही!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मी नाही मानत. आई मानत होती."

संध्याकाळी सॅमसनमास्तर आले. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. प्रचाराचा सगळा भार त्यांच्यावर. दारातूनच म्हणाले, "भाऊ, आमच्यात सातच दिवस बसतात. मतदानापुरता आमच्यातला हो की!" हे हसले. खूप हसले... आणि हसता हसता ढसाढसा रडू लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मास्तरांनी चपला काढल्या, शेजारी बसले. प्रचाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

हरलो. थोडक्यात हरलो. मी ते लुगडं ट्रंकेच्या तळाशी कोंबलं आणि कितीतरी दिवस ह्यांच्याशी अबोला धरला. वाटायचं, म्हातारीने जाता जाता सूड उगवला माझ्यावर! हे मात्र तेरावं झाल्यावर ओटीवर खुर्ची टाकून बसले. ज्यांच्या दारी जाता आलं नव्हतं ते आमच्या दारी येऊ लागले. गटार तुंबलंय, दाखल्यात नाव चुकलंय, सून नांदत नाही... हे जाऊन म्युनिसिपालिटीच्या बाहेरच्या बाकावर बसायचे आणि काम झाल्याशिवाय उठायचे नाहीत. निवडणुकीला पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

परवा कोळीवाड्यातली पारू आली. "भाऊ हायत का? नळाला पानी नाय चार दिस." मधे ती माहेरी होती, तिला काहीच कळलेलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, "बस, आधी सगळं सांग." तिचं गाऱ्हाणं पुरतं ऐकलं आणि मग सांगितलं. ती उंबऱ्याशी बसून रडली. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून म्हणाली, "मंग आता आमी कुनाकडं यायचं, वैनी?"

ह्यांच्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. आत जाऊन लुगडं बदललं, पायात चपला घातल्या आणि पारूला म्हटलं, "चल. तो बाक कुठे आहे, मला दाखव."