लुगड्याचा पट्टा

मुलीच्या गर्भाशयातल्या गाठी दुर्बिणीने काढल्या, त्याला आज चौथा दिवस. पत्नीने ट्रंकेतून जुन्या लुगड्याचा पट्टा काढला आणि तिचे पोट बांधायला निघाली.

"अगं आई, नखाएवढी चार भोकं आहेत! मी काय फुटका माठ आहे?" मुलगी हसली आणि उठून स्वतःचा चहा करू लागली.

पत्नीच्या अशाच गाठी काढताना पोट उघडावे लागले होते. वीतभर टाके पडले. दीड महिना हा पट्टा रोज सकाळी मीच बांधत असे. "हलक्या हातानं हो, लाकडाची मोळी नव्हे ही," ती म्हणे. त्या डॉक्टरांनी गाठी काढल्या आणि गर्भाशय राखले. दोन वर्षांनी त्याच व्रणावर पुन्हा छेद देऊन त्यांनी ही मुलगी आमच्या हाती दिली.

मुलीला तेवढे सोसावे लागले नाही, याचे समाधान आहे. परंतु मी अधिक ऋणी आहे तो त्या वीतभर व्रणाचा. पत्नीला हे कधी सांगितले नाही.

ती पट्टा गुंडाळू लागली. मी तो तिच्या हातून घेतला आणि नीट घडी घातली.

"आता कशाला हवाय तो?" तिने विचारले.

"राहू दे," मी म्हणालो.